नदीत उतरायच्या आधी पातळी आणि विसर्ग कसा बघता?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय, आता आमच्या कोल्हापुरातल्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज सुरू होतील, "राजाराम बंधारा २२ फूट, इशारा ३९, धोका ४३". आणि त्याच्याखाली कुणीतरी हमखास लिहिणार की अजून १७ फूट बाकी आहेत, चला घाटावर. मला नेमकं ह्याच्यावरच बोलायचंय.

३९ आणि ४३ हे आकडे गावासाठी ठरवलेत. ३९ ला प्रशासनानं हलायचं, सखल भागातल्या लोकांनी सामान बांधून ठेवायचं, ४३ ला बाहेर पडायचं, असा त्यांचा अर्थ. पोहणाऱ्याचा त्यात विचारच केलेला नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली जातो तेव्हा पातळी ३९ च्या कितीतरी खाली असते, गावात रस्ते कोरडे ठणठणीत असतात, शाळा चालू असतात, आणि तेव्हाच नदीला अशी ओढ असते की चांगला पट्टीचा पोहणारापण समोरच्या काठाला नीट लागत नाही, पार खाली वाहत जाऊन लागतो. घरात पाणी शिरायला नदी पात्राबाहेर यावी लागते, माणूस वाहून जायला तिला पात्राबाहेर यायची गरजच नसते.

मी स्वतः पाण्यात उतरायच्या आधी तीन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे पातळी चढती आहे की उतरती, म्हणजे नुसता आजचा आकडा नाही तर काल रात्रीचा आणि आज सकाळचा दोन्ही शेजारी ठेवून. दुसरी, राधानगरी धरणातून काय सुटलंय. नुसतं वीजघर चालू असेल तर १५०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट), पण तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक उंचीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजाचे १४२८. म्हणजे एक दरवाजा आणि वीजघर मिळून २९२८, सातही उघडले तर ११ हजारांच्या वर. दरवाजा रात्री दोनला पण उघडतो आणि आपण सकाळी सहाला टॉवेल घेऊन घाटावर हजर. आणि तिसरी गोष्ट, गगनबावड्याकडे पाऊस किती झाला, कारण कुंभी कासारीचं पाणी पण शेवटी प्रयाग चिखलीला येऊन ह्याच नदीत मिळतं. शहरात ऊन पडलंय ह्याला काही अर्थ नाही.

तुम्ही तुमच्या नदीवर काय बघता? पोहणारे, होडीवाले, कयाकवाले, राफ्टिंगवाले, नुसते घाटावर मुलांना घेऊन जाणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे लिहिले तर कुठल्या गेजचे, म्हणजे पातळी मोजायच्या कुठल्या जागेचे, ते पण लिहा.

कृष्णेची लेक

चांगला धागा काढलात दादा. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा ४० फूट, धोका ४५. आमच्याकडे तर पाणी वाढलं की पुलावरून उड्या मारायला गर्दी, आणि बघायला त्याच्या दुप्पट. माझे काका होड्यांच्या शर्यतीत असायचे, ते सांगायचे की शर्यतीच्या आधी मंडळातली जुनी माणसं कोयनेतून काय सुटलंय ते बघितल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाहीत. पायथा वीजगृहाचे २१०० क्युसेक असले तर वेगळी नदी, सहा वक्र दरवाजे वर गेले की वेगळी नदी. आणि ते पाणी कराडवरून सांगलीला यायला वेळ लागतो, आज दुपारी दरवाजे उचलले तर आज संध्याकाळी आयर्विनवर काहीच दिसत नाही, लोकांना वाटतं काही झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी नदी फुगते. हा मधला वेळ ज्याला कळला त्याला नदी कळली असं काका म्हणायचे.

बर्गे

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर घालतो. पातळी म्हणजे वेग नव्हे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं. अशा वेळी राजारामवर आकडा मोठा दिसतो पण पाणी संथ असतं. उलट पावसाळ्याच्या सुरुवातीला, कृष्णा रिकामी आणि इकडे वरून पहिला लोंढा, तेव्हा आकडा लहान आणि ओढ जबरदस्त. सांगलीतही तेच, हरिपूरला वारणा मिळते, तिकडून चांदोली धरणाचं पाणी आलं की आयर्विनखालचा प्रवाह मागे दाबला जातो. नुसता फुटांचा आकडा बघून पाण्यात उतरणाऱ्याला ह्यातलं काहीच दिसत नाही.

वेग मोजायचा तर खात्यात करंट मीटर असतो, वाट्या फिरणारा, पुलावरून केबलनं सोडतात, पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येक भागात खोली आणि वेग घेतात, त्यावरून विसर्ग निघतो. असं वेगवेगळ्या पातळ्यांना वर्षानुवर्षं मोजून पातळी आणि विसर्गाचा आलेख बसवलेला असतो. पण तुम्हाला घाटावर उभं राहून अंदाज घ्यायचा असेल तर नारळाची शेंडी किंवा काटकी टाका, काठावर २० मीटरच्या दोन खुणा करा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २० सेकंदात गेली तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १ मीटर. सरासरी वेग साधारण त्याच्या ०.८५ धरतात. आता पात्र ६० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे १५३ घनमीटर, म्हणजे ५४०० क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, हे एकदा डोक्यात बसलं की बातमीतल्या आकड्यांचा अंदाज येतो. आणि वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा दाब चौपट होतो, दुप्पट नाही. म्हणून गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो.

मीटरचा आकडा बघून पण लोक घाबरतात. बुलेटिनमध्ये राजारामच्या फुटांपुढे ५४२, ५४३ मीटर असं लिहिलेलं असतं, ती समुद्रसपाटीपासूनची उंची. रोह्याच्या कुंडलिकेची धोका पातळी २३.९५ मीटर, महाडच्या सावित्रीची ६.५०. म्हणून कुंडलिका सावित्रीच्या चौपट खोल आहे असं नाही. दोन गेजचे आकडे एकमेकांशी लावायचेच नसतात.

गावठी नावाडी

सगळं बरोबर हाय पण एवढं गणित करून कोण पोहायला जातंय. आमच्या पिढीनं कधी ऍप बघितलं नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा यायला लागला, फेस धरला, आवाज बदलला की वर यायचं. काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. शहरातली पोरं मोबाइल बघतात आणि नदीकडं बघत नाहीत, म्हणून मरतात.

पंचगंगाकाठ

नावाडी दादा, काठावरच्या माणसाला विचारायचं हे मान्य, मी पण विचारतो. पण तुम्ही सांगितलेल्या खुणा पाणी आपल्यापाशी पोचल्यावर दिसतात. वर धरण नसेल, पावसानं नदी हळूहळू चढत असेल तर तेवढा वेळ मिळतो. दरवाजा उघडून आलेल्या पाण्याला कधी कधी गढूळपणा पण नसतो, धरणातलं निवळ पाणी असतं ते. २०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीवर हैदराबादची इंजिनिअरिंगची मुलं खडकांवर उभी राहून फोटो काढत होती, वर लारजी धरणातून पाणी सोडलं, २४ विद्यार्थी गेले. पाऊस नाही, काही नाही, काही मिनिटांत पाणी वाढलं. तिथं खुणा बघायला वेळच नव्हता, वरून पाणी येणार आहे एवढी बातमी खाली पोचली असती तर मुलं वाचली असती. माझं म्हणणं एवढंच की डोळे पण हवेत आणि वरची बातमी पण हवी.

गावठी नावाडी

हे पटलं. आमच्या वेळी वर एवढी धरणं पण नव्हती, हे पण खरं.

मुठाकाठ

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे पोहायचा प्रश्न राहिला नाही, पाणीच तसं नाही, पण नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल आणि पात्रात लावलेल्या गाड्या हा दरवर्षीचा विषय. खडकवासला धरण अवघं १.९७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), वर पानशेत, वरसगाव, टेमघर. त्यामुळे खडकवासल्याला साठवून धरायला जागाच नाही, पाऊस वाढला की विसर्ग दिवसातून चार वेळा बदलतो. सकाळचा मेसेज दुपारी उपयोगाचा नसतो, म्हणून मेसेजवर वेळ लिहिलीय का ते आधी बघा, वेळ नसलेला मेसेज पुढे पाठवूच नका. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे लोक उठले तेव्हा पार्किंग पाण्यात होतं. रात्री झोपताना जो आकडा बघून झोपले त्याचा पहाटे काही संबंध उरला नव्हता.

टीएमसी आणि क्युसेक ह्यात गोंधळ होणाऱ्यांसाठी, दिवसभर सलग ११५७४ क्युसेक सोडले की एक टीएमसी होतं.

गोदाघाट

नाशिकला आमचं गेज म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गंगापूर धरणातून सोडलं की लोक एकमेकांना फोन करून विचारतात मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला. पिढ्यान् पिढ्यांचं माप आहे, लहान पोराला पण कळतं. मला धागाकर्त्यांचा मुद्दा वाचून वाटलं की पोहणाऱ्यांनी पण आपलं माप असंच ठरवावं, मारुतीच्या पायाला पाणी लागलं की रामकुंडाकडे मुलांना न्यायचंच नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

दोन मुलांची आई

मी सगळं वाचतेय, खूप उपयोगी. आम्ही पुढच्या महिन्यात कोलाडला राफ्टिंगला जायचं म्हणतोय, मुलं १२ आणि १५ वर्षांची, दोघांना पोहता येतं. तिथं कुठला आकडा बघायचा? बुकिंग घेणारा फोनवर फक्त "एकदम सेफ आहे मॅडम" एवढंच म्हणतो.

कुंडलिका गाईड

ताई, मी कोलाडला बोटीवरच असतो, कुणाची जाहिरात करत नाही, फक्त कसं चालतं ते सांगतो.

कुंडलिकेला बारा महिने राफ्टिंग होतं कारण पाणी वीजघराचं आहे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज तयार झाली की नदीत सुटतं. वीजघर चालू तर नदी भरते, बंद तर दगड उघडे पडतात. म्हणून राफ्टिंग सकाळी असतं, आम्ही पाण्याच्या पाठोपाठ निघतो. उन्हाळ्यात हे पाणी मोजकं, रोज जवळपास सारखं. पावसाळ्यात ह्याच्यावर पावसाचं पाणी चढतं, तेव्हा नदी दुसरीच. डोलवहाळ बंधाऱ्यावर इशारा २३ मीटर, धोका २३.९५, पण हे आकडे रोह्याच्या लोकांसाठी, बोटीवर बसणाऱ्यासाठी नाहीत, धाग्यात वर लिहिलंय तेच. आम्ही सुरुवातीच्या जागेवर एक ठराविक दगड बघतो. त्याचा माथा कोरडा असला तर एक रस्ता, माथ्यावरून पाणी जात असलं तर दुसरा रस्ता, दगड दिसतच नसला तर लहान मुलं घेऊन जायचं नाही. तुम्ही गाईडला विचारा, आज दगड दिसतोय का, कालच्यापेक्षा वर आहे का खाली. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्या बोटीत बसू नका.

जॅकेट स्वतः ओढून बघा, खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीच्या वर यायला नको. हेल्मेट मुलांच्या मापाचं. बरोबर एक रेस्क्यू कयाक असायला पाहिजे.

आणि एक हात जोडून सांगतो, राफ्टिंग झाल्यावर दुपारी पाणी उतरलं की लोक मधल्या दगडांवर जेवायला बसतात, कुटुंबच्या कुटुंब. तिथं बसू नका. वीजघर परत कधी चालू होईल ते दगडावर बसलेल्याला कळत नाही.

दोन मुलांची आई

धन्यवाद दादा, असं कुणी सांगितलंच नव्हतं. दगडाचं नक्की विचारते. मग जूनअखेरीऐवजी दिवाळीनंतर गेलेलं बरं ना?

कुंडलिका गाईड

१२ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा आणताय तर हो, नोव्हेंबरमध्ये या. मोठा एकटा असता तर पावसाळ्यात पण चाललं असतं, दिवस बघून.

पोटोमॅककाठ

मी अमेरिकेत व्हर्जिनियात, हौशी कयाकर. इथे यूएसजीएसचे (सरकारी भूशास्त्र खात्याचे) आठ हजारांवर गेज आहेत, बहुतेकांचा आलेख घरबसल्या दिसतो, मागच्या आठवड्याची रेघ वर जातेय की खाली ते एका नजरेत कळतं. आणि आपण आकडा ठरवून दिला की तो ओलांडल्यावर फोनवर मेसेज येतो, आकडा आपला, सरकारचा नाही. धागाकर्ते म्हणतात तेच इथे कयाकिंगच्या क्लबांनी केलंय, नदीच्या प्रत्येक टप्प्याला कुठल्या गेजवर किती फुटांपासून किती फुटांपर्यंत उतरायचं ते लिहून ठेवलंय. एकाच गेजवर नवशिक्याची मर्यादा वेगळी, मुरलेल्याची वेगळी, आणि पुराची सगळ्यात वर. भारतातल्या नद्यांसाठी असं काही आहे का?

बर्गे

आकडे आहेत, पण पोहणाऱ्यांसाठी मांडलेले नाहीत. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया ऍप २०२३ मध्ये आलं, त्यात कुरुंदवाड, अर्जुनवाड, कराड ह्या बाजूची केंद्रं आहेत. रंग बघून घ्या, पिवळा म्हणजे इशारा ओलांडला, केशरी म्हणजे धोका ओलांडला, लाल म्हणजे आजवरची सर्वोच्च पातळी मोडली. हिरवा म्हणजे पुराच्या दृष्टीनं सामान्य, पोहायला सुरक्षित नव्हे, हे मोठ्या अक्षरात वाचा. राज्य जलसंपदा विभागाची कृष्णा भीमा खोऱ्यात स्वयंचलित केंद्रांची यंत्रणा आहे, पुलाखाली रडार बसवलेत, पाण्याला हात न लावता वरून पातळी मोजतात. पण पोटोमॅककाठ म्हणतात तसा तुमच्या मर्यादेचा मेसेज कुणी पाठवत नाही. ते झालं पाहिजे, खर्चिक काम नाही, माहिती गोळा होतेच आहे.

ओढे आणि धबधबे ह्यांना मात्र गेजच नसतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. डोंगराच्या ओढ्याचं पाणलोट एवढंसं असतं की वर सर आली की मिनिटांत खाली लोंढा. तिथं नियम एकच, वर ढग असेल तर पात्रात उभं राहायचं नाही. तिथं मात्र नावाडीबुवांच्या खुणाच कामाला येतात.

पंचगंगाकाठ

काका, बंधाऱ्याबद्दल पण लिहा ना. आमच्याकडे पोरं बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोहायला जातात, पाणी सपाट दिसतं म्हणून.

बर्गे

ते तर सगळ्यात वाईट. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांब आणि मध्ये गाळे, पावसाळ्याआधी बर्गे (माझं आडनाव नव्हे, गाळ्यांत पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) काढले की गाळ्यांतून पाणी जातं. वरच्या अंगाला पोहणारा गाळ्याकडे ओढला जातो, आणि गाळ्यात ओंडका किंवा जलपर्णी अडकलेली असेल तर पाणी आरपार जातं, माणूस जात नाही, तो तिथं दाबून राहतो. पाणी बंधाऱ्यावरून पडायला लागलं की खालच्या अंगाला ते तळाशी जाऊन परत बंधाऱ्याकडे फिरतं. वरून बघितलं तर थोडा फेस आणि सपाट पाणी. त्यात सापडलेला माणूस वर येतो, परत आत जातो, जॅकेट घातलेला पण सुटत नाही. वाचवायला उडी मारणारा दुसरा माणूस पण त्यातच जातो. उडी मारू नका, दोर फेका, हवा भरलेली ट्यूब फेका, बांबू द्या. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना पोहायचं नाही, पातळी कितीही असो.

कृष्णेची लेक

हे प्रिंट काढून आमच्या मंडळाच्या फळ्यावर लावते. काका, आमच्या घाटासाठी पोहण्याची मर्यादा ठरवायची तर सुरुवात कुठून करायची?

बर्गे

पायऱ्यांपासून. पाणी उतरलेलं असताना घाटाच्या पायऱ्या मोजा, प्रत्येक पायरीची उंची घ्या. मग पावसाळाभर रोज एकाच वेळी दोन गोष्टी वहीत लिहा, पाणी कुठल्या पायरीवर आणि त्या वेळी आयर्विनचा आकडा किती. सोबत काटकीचा वेग. एका पावसाळ्यात तुमच्या घाटाचा तक्ता तयार होतो. कुठल्या पायरीनंतर मुलांनी उतरायचं नाही, कुठल्या पायरीनंतर कुणीच नाही, हे तुमच्या मंडळातल्या पोहणाऱ्यांनी बसून ठरवा, आणि चढतं पाणी असेल तर एक पायरी अलीकडेच थांबा.

पंचगंगाकाठ

आम्ही पण करतो. राजारामचे बर्गे काढले की घाटावर पाणी उतरतं, तेव्हाच पायऱ्या मोजून घेऊ. ऑइलपेंटनं आकडे टाकावेत का?

बर्गे

जुना दगडी घाट आहे, रंग लावू नका. पट्टी उभी धरून दर फुटाला एक फोटो काढा आणि फोटोत मागची देवळाची ओळ येऊ द्या, म्हणजे जागा चुकत नाही.

गावठी नावाडी

काढायच्या दिवशी सांगा. माझ्याकडं होडी हाय, पाण्याकडनं पण फोटो काढता येतील, आणि पाण्याखालच्या पायऱ्या मी बांबूनं चाचपून सांगतो.

पंचगंगाकाठ

ठरलं दादा. बर्गे निघाल्याचं कळलं की पुढच्या रविवारी सकाळी सातला. कोल्हापुरातलं अजून कोण येणार असेल तर इथंच लिहा, वही सांभाळायला एक जण पक्का पाहिजे, पावसाळाभर.